हवा धरलीय!

मिस्त्री आले ते थेट बोअरपाशी जाऊन उकिडवे बसले. चहा नको म्हणाले, पाणी नको म्हणाले. "ताई, मोटार लावा." मी जिन्याखालच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं. त्यांनी केसिंगच्या तोंडावरची फरशी सरकवली, गुडघे टेकून कान भोकाशी नेला आणि डोळे मिटले. मिनिटभर तसेच. मग मान वर न करता म्हणाले, "खाली शॉवर चाललाय."

वरचा शॉवर चालत नाही म्हणून ज्यांना बोलावलं, ते सांगत होते की खालचा चाललाय. मीही कान लावला. आणि खरंच, काळोखातून, पन्हळ गळावी तसा पाण्याचा आवाज येत होता. मोटार बंद केली तसा तो हळूहळू थांबला.

आमचं घर सहकारनगरात, पर्वतीच्या दक्षिणेला. पिण्याचं पाणी महापालिकेचं, बाकी अंघोळ-धुणं-बाग बोअरवर. एप्रिल लागला आणि वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधली धार करंगळीएवढी झाली. पंधरा लिटरची बादली भरायला सहा मिनिटं. बाबांनी घड्याळ लावून मोजलं होतं. निवृत्त माणूस आणि पाणीटंचाई एकत्र आले की घरात आकडेवारीची कमतरता राहत नाही. गच्चीवरची टाकी भरायलाही दुप्पट वेळ लागत होता, दोनदा तर ती पार कोरडी पडली. "मोटार गेली," असा घरातला निकाल होता.

मोटार शाबूत होती. चेनपुली लावून मिस्त्रींच्या पोरांनी एकेक पाईप वर ओढला, तेव्हा चाळीसेक फुटांवरच्या सॉकेटपाशी गंजून पडलेलं भोक दिसलं. पेन्सिलीचं टोक जेमतेम जाईल एवढं, पाचेक मिलिमीटरचं. मला ते क्षुल्लक वाटलं. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्या भोकापासून टाकीपर्यंतची उंची बावीस मीटर. म्हणजे मोटार चालू असताना त्या ठिकाणी पाण्यावर बावीस मीटर उंचीच्या पाण्याचा भार. अशा भाराखाली पाणी सेकंदाला वीस मीटरच्या वेगानं बाहेर फेकलं जातं. भोकातून निघताना धार आकसते तेही धरून हिशेब केला तर मिनिटाला चौदा लिटर! मोटार जे काही उचलत होती, त्यातला मोठा वाटा पुन्हा बोअरमध्येच पडत होता. पाणी वाया जात नव्हतं, आपलं आपल्याकडेच परत येत होतं. जात होती ती वीज.

पाईप अंगणात आडवे पडले होते तेव्हा त्यांच्यावरची खूण पाहिली. एका ठरावीक पाईपापर्यंत कोरडा गंज, त्याखाली ओला शेवाळी काळा रंग. पाण्याची पातळी कुठे आहे हे पाईपांवरच लिहिलेलं होतं. आणि ती बाबांच्या आठवणीतल्या पातळीपेक्षा बरीच खाली होती.

पंपाचा स्वभाव इथं कळतो. सबमर्सिबलच्या पोटात एकावर एक रचलेल्या चकत्या असतात. प्रत्येक चकती पाण्याला गरगरवून थोडी उंची देते आणि वरच्या चकतीच्या स्वाधीन करते. ठरावीक उंचीला ठरावीक पाणी, असा त्याचा व्यवहार. पाणी वीस फूट खाली गेलं की उचलण्याची उंची तेवढी वाढते आणि धार तेवढी कमी होते. बिघाड कशातच नसतो.

आवारात मागं जुनी विहीर आहे, आता तिच्यावर जाळी टाकलीय. काठावर गंजलेला मोनोब्लॉक पंप अजून बसलेला आहे. लहानपणी दर उन्हाळ्यात तो "पाणी सोडायचा". म्हणजे गुरगुरत फिरायचा, पण पाणी वर येत नसे. बाबा वरून बादलीभर पाणी ओतायचे, पुन्हा लावायचे, शिव्या द्यायचे. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता. काठावरचा पंप पाणी ओढत नाही. ओढणं अशी काही गोष्ट पाण्याच्या बाबतीत नसतेच. पंप फक्त नळीतला दाब कमी करतो. पाण्याला वर ढकलतं ते विहिरीतल्या पाण्यावर टेकलेलं आभाळ. गॅलिलिओच्या १६३८ च्या पुस्तकात असाच एक पंप भेटतो, अठरा हातांखालचं पाणी न उचलणारा. नंतर त्याचा शिष्य टॉरिचेल्ली यानं पाऱ्याची नळी उभी करून दाखवलं की हवेला वजन आहे आणि ते वजन पाण्याला साधारण दहा मीटरच पेलतं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, म्हणून आपल्या डोक्यावरचं आभाळ मुंबईपेक्षा जरा हलकं. इथं ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते, आणि नळीतलं घर्षण, फुटव्हॉल्व्हची गळती वगैरे धरली तर व्यवहारात सातेक मीटर. उन्हाळ्यात पाणी त्याखाली गेलं की पुण्याचं आभाळ हात टेकायचं. गावाकडे लोक अशा वेळी विहिरीत आडव्या तुळया टाकून मोटारच खाली उतरवतात. त्यांना टॉरिचेल्ली ठाऊक नसतो, पण सात मीटर ठाऊक असतात.

बोअर मारली तो दिवस मला आठवतो. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरून जागा दाखवली होती. (भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय याच शहरात असताना! पण नारळ स्वस्त पडतो.) मशीन खाली जाऊ लागलं आणि भोकातून रंग बाहेर येऊ लागले. आधी पिवळट मुरूम, मग राखाडी पूड, मग मध्येच विटेसारखा लाल चिखल, पुन्हा राखाडी, आणि त्यात पांढरे चकाकणारे कण. आम्ही मुलं ते कण वेचत होतो. साडेसहा कोटी वर्षांचा इतिहास अंगणात शिंतोड्यांनी येत होता आणि बाबा फुटाचे पैसे मोजत होते.

महाराष्ट्राचा हा काळा कातळ म्हणजे एकावर एक वाहून थिजलेले लाव्ह्याचे थर. प्रत्येक थर थिजताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे वर सरकले आणि वरच्या भागात अडकून राहिले. म्हणून थराचा मधला भाग ठोस, आणि माथा स्पंजासारखा भोकाभोकांचा. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला तर त्या माथ्याची माती झाली, आणि पुढच्या लाव्ह्याच्या धगीनं ती भाजून निघाली. तोच लाल चिखल. पुढं कोट्यवधी वर्षांत पाण्यानं कित्येक बुडबुड्यांत खनिजं भरली. आमचे पांढरे चकाकणारे कण ती. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीत अशाच पोकळ्यांत निळं कॅव्हन्साइट मिळतं, ज्याच्यासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. पण खनिजानं बुजलेल्या बुडबुड्यातून पाणी जात नाही. पाणी मिळतं ते जिथं हा भोकाळ थर झिजून-कुजून मोकळा झालाय, किंवा जिथं भेगा पडल्यात, तिथंच.

आणि मिळतं तेही किती थोडं! आपण मनात जमिनीखाली एखादा तलाव धरून चालतो. प्रत्यक्षात या कातळात साठून हाती लागणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्के. समजा दहा गुंठ्यांचं, म्हणजे हजार चौरस मीटरचं आवार आहे, आणि त्याखालची पातळी मीटरभर उतरली. दोन टक्के धरले तर त्या अख्ख्या मीटरभर जाडीच्या कातळातून आपल्याला मिळालं वीस हजार लिटर पाणी. दोन टँकर. गल्लीत एखाद्या जुन्या बंगल्याच्या जागी इमारत उठायला लागते, दोन तळघरांसाठी खड्डा खणतात आणि त्यातलं झऱ्याचं पाणी महिनोन्महिने रस्त्याच्या गटारात सोडतात, तेव्हा शेजारच्या बोअरची धार का बारीक होते याला वेगळं उत्तर शोधावं लागत नाही.

गंजलेले पाईप भंगारात गेले, काळा एचडीपीई पाईप उतरला, टाकी पाऊण तासात भरली. बाबा खूश. आणि वरच्या बाथरूममधली धार? करंगळीएवढी.

आता मिस्त्रींनी पिशवीतून गवंड्याची लेव्हलची नळी काढली. दोन टोकांतलं पाणी एकाच पातळीत राहतं, या भरवशावर अख्खी बांधकामं उभी करणारी ती पारदर्शक नळी. तिचं एक टोक त्यांनी बाथरूमच्या नळाला घट्ट बसवलं, दुसरं झरोक्यातून बाहेर काढून गच्चीवर पोराच्या हातात दिलं. "आता नळ सोडा."

एक पायरी मागं जाऊन सांगते. प्लंबर लोक प्रेशर "किलोत" मोजतात. दहा मीटर उंच पाण्याचा खांब त्याच्या तळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा भार टाकतो. खांब जाड की बारीक, टाकी पाचशे लिटरची की पाच हजारांची, याला काही किंमत नाही. किंमत फक्त उंचीला. आमच्या टाकीतलं पाणी वरच्या नळापासून तीन मीटर उंच, म्हणून तिथं जेमतेम तीनशे ग्रॅम, तळमजल्यावर सहाशे. माझी मावसबहीण न्यू जर्सीत खेड्यावजा भागात राहते, घरची बोअर आहे. तिच्याकडे गच्चीवर टाकी नाही, तळघरात एक निळी टाकी आहे. आत रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगाला दाबून भरलेली हवा, दुसऱ्या अंगाला पाणी. प्रेशर २.८ किलोवर उतरलं की मोटार लागते, ४.२ ला बंद होते. म्हणजे तिच्या तळघरात २८ ते ४२ मीटर उंचीची अदृश्य गच्ची आहे. ती हवा निसटली की मोटार दर घोटाला लागते आणि बंद होते, टकटक टकटक. तिच्याकडची तक्रार हवा कमी झाल्याची असते, आमच्याकडची हवा नको तिथं शिरल्याची.

कारण नळीत पाणी चढलं ते नळापासून मीटरभर, आणि थांबलं. टाकीतल्या पाण्याच्या पातळीला यायला हवं होतं, ते दोन मीटर खालीच उभं राहिलं. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. "हवा धरलीय."

मी विचारलं, क्षार कशावरून नाही? आमचं पाणी जड, गिझरच्या पाईपात पांढरी पुटं जमतात. मिस्त्रींनी पिशवीतून कुठल्याशा घरातून कापलेला अर्ध्या इंचाचा पाईप दाखवला. आत काडी जाईल एवढीच वाट उरलेली. अशा पाईपात व्यास निम्मा झाला की धार निम्मी होत नाही, जवळजवळ सहाव्या हिश्श्यावर येते. "पण क्षार वाहत्या पाण्याला अडवतो," ते म्हणाले, "उभ्या पाण्याला नाही." या एका वाक्यासाठी मी त्यांची फी आनंदानं दिली असती. लेव्हलच्या नळीत पाणी वाहत नाही, नुसतं चढून उभं राहतं. आणि घर्षण तर वाहण्याचंच असतं. पाईप कितीही बुजलेला असो, नळीतलं पाणी सावकाश का होईना टाकीच्या पातळीला येतंच, आणि दुसरा नळ सोडला की मग धाडकन कोसळतं. तेव्हा रोग क्षाराचा, गाळाचा, नाहीतर चकती तुटलेल्या व्हॉल्व्हचा. पण उभं पाणीच जर कमी उंचीवर अडलं, तर वाटेत कुणीतरी उंची खाल्लेली असते. उंची खाऊ शकणारी घरातली एकच वस्तू म्हणजे हवा.

गच्चीवर जाऊन पाहिलं. दोन वर्षांपूर्वी सोलर बसवताना टाकीतून निघणारा पाईप एका बीमवरून उचलून पलीकडे उतरवला होता. पाईपाला उंटासारखं वशिंड आलं होतं. टाकी भरलेली असे तोवर चाललं. पण बोअरच्या पाईपाला भोक पडलं, टाकी कोरडी पडली, पाईपात हवा शिरली. टाकी पुन्हा भरली तेव्हा पाणी वशिंडाच्या अलीकडून चढलं, हवा पलीकडच्या उतारात कोंडली गेली. त्या दोन मीटर उतारात पाण्याच्या जागी हवा, आणि हवेला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून हिशेबातून दोन मीटर वजा. चाळीस फूट जमिनीखालच्या भोकानं वरच्या मजल्यावरचा शॉवर बंद पाडला होता तो असा.

उपाय पाच मिनिटांचा. वशिंडाच्या माथ्याला टी जोडायचा आणि त्यातून एक उभा पाईप टाकीच्या काठापेक्षा उंच काढायचा, वर तोंड उघडं. मिस्त्री त्याला "एअर पाईप" म्हणतात. पुण्यात गच्चीगच्चीवर असे छत्रीच्या मुठीसारखे वाकवलेले पाईप उभे असतात; मी आयुष्यभर पाहिले, एकदाही विचारलं नाही की हे कशाला.

तसंच आणखी एक काहीतरी मी आयुष्यभर पाहत आलेय. आमच्यापासून थोडं पूर्वेला, सातारा रस्त्याच्या अंगानं, कात्रजपासून स्वारगेटकडे येताना, वस्तीच्या बेचक्यांत दगड-विटांचे जाडजूड बुरूज उभे दिसतात. कुणी त्यांना चुना फासलाय, कुणी शेंदूर. त्यांचं नाव इतकं सुंदर आहे की ते प्लंबिंगचं आहे यावर विश्वास बसत नाही: उच्छ्वास.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजला बांध घालून तळं केलं आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत, आठ-नऊ किलोमीटर, जमिनीखालून चुन्यात बांधलेला नळ आणला. काही ठिकाणी तो इतका मोठा की माणूस आत उभा राहून चालेल. पेठांत हौद बांधले: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद. कात्रज उंचावर, पेठा सखल, त्यामुळे पंपाचा प्रश्नच नव्हता. तरी काम सोपं नव्हतं, कारण अडचण उलटी होती: प्रेशर जास्त होण्याची. वरपासून खालपर्यंत नळ बंद ठेवला असता तर खालच्या टोकाला सगळ्या उंचीचा भार चुन्याच्या सांध्यांवर आला असता, आणि चुना काही बीडाचा पाईप नव्हे. म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास. नळातलं पाणी त्यात चढून उभं राहतं, त्याच्या काठापेक्षा वर जाऊच शकत नाही. म्हणजे त्या जागी प्रेशर किती असावं हे बुरुजाची उंची ठरवते. नळात अडकलेली हवा तिथून वर निघून जाते. वेग मंदावल्यानं गाळ खाली बसतो. साफसफाईला माणूस तिथून आत उतरतो. आणि मला सगळ्यात आवडलेला उपयोग: एका उच्छ्वासात पाणी भरून आहे आणि पुढच्यात तळाला गेलंय, तर अडथळा या दोघांच्या मध्ये आहे, बाकी नळ खणायची गरज नाही. गवंड्याची लेव्हलची नळी, दोन-अडीच पुरुष उंचीची, दगडात बांधलेली!

मराठवाड्यात मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नहरींवर असेच खांब उभारले. तिकडे त्यांना बंब म्हणतात. पाणचक्कीला पाणी देणारा उंच स्तंभ त्यांच्याच कुळातला. पुण्यात मात्र या विद्येचा मुकुटमणी शनिवारवाड्यात होता. हजारी कारंजं: कमळाच्या आकाराचं, जवळपास दोनशे तोट्यांचं. वीज नाही, मोटार नाही. कात्रजच्या डोंगरापाशी असलेली उंची घर्षणात, हवेत, गाळात फार न गमावता मैलोन्‌मैल जमिनीखालून आणायची आणि वाड्याच्या अंगणात दोनशे तोट्यांतून मोकळी सोडायची. एक शॉवर चालवताना आमची त्रेधा उडाली होती.

उच्छ्वास हा शब्द कुणी निवडला कोण जाणे. पाण्याचा मार्ग बांधणाऱ्या माणसानं त्याला पाण्याचं नाव दिलं नाही, हवेचं दिलं. महापालिकेचं पाणी यायच्या आधी आपला नळ फुसफुसतो, खोकतो, थुंकतो. घराघरांत बादली सरकवायची ती खूण. पुणेकराची सकाळ त्या उच्छ्वासानंच सुरू होते.

मिस्त्रींनी एअर पाईपचं तोंड खाली वाकवलं, डासांसाठी त्यावर जाळीचा तुकडा तारेनं आवळला. "नाहीतर कावळे काड्या टाकतात." खाली बाथरूममध्ये मी नळ सोडला. आधी लांबलचक सुस्कारा. मग दोन ठसके, गंजाचं तांबूस पाणी, आणि मग नळाच्या तोंडाएवढी जाड, न थरथरणारी धार.

बाबा बादली आणि घड्याळ घेऊन दारात उभेच होते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एप्रिलच्या त्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, त्यांनी लिहिलं: बादली, १ मि. ४० से.